डाव्या पायाची गाडी

१६ जानेवारी १९९९, शनिवार

सूनबाईनं, म्हणजे साधनानं, संक्रांतीला तिळगुळासोबत ही डायरी हातात दिली. "बाबा, रोज चार ओळी लिहीत जा. डॉक्टरांनी डोकं गुंतवून ठेवायला सांगितलंय." डायरी खताच्या कंपनीची. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्याला एक उपदेश छापलाय. आजचा उपदेश : शेणखत कुजवूनच वापरा. बरं बाबा.

मी लिहू काय? उठलो, बसलो, निजलो. गणपतीत लकवा मारला तेव्हापासून डावा हात आणि डावा पाय माझं ऐकत नाहीत. चौतीस वर्षं ढोरांच्या दवाखान्यात काढली. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक, पण अख्खी पंचक्रोशी मला डाक्टर म्हणायची, आणि म्हशीला कुठं फरक कळतो? आता हा डाक्टर शिरड शहापुरात आपल्याच ओसरीवर बसून एस.टी. आली-गेली बघतो. कोणाचं ढोर आजारी पडलं तरी मला कोणी बोलवत नाही. समोरून जातात, "काय डाक्टर, बरं हाय का?" म्हणतात आणि पुढं जातात. लई राग येतो.

आज मात्र एक झालं. तांबडी कोंबडी अंडं कुठं लपवते ते बघायला काठी टेकत गोठ्यात गेलो. कडब्याच्या मागं, पोत्याखाली, माझ्या जुन्या जावा फटफटीच्या फाटक्या सीटवर अंडं. बारा वर्षांत मी त्या गाडीकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. याच गाडीवर कृत्रिम रेतनाच्या मात्रांचा बर्फाचा डबा बांधून गावोगाव फिरलो. तिचा आवाज ऐकून माणसं गाय खुंट्याला बांधून ठेवायची. टाकीला हात लावला तर तांबेरा हाताला आला.

अंडं तिथंच विसरलो. सखूनं, माझ्या बायकोनं, जाऊन आणलं.

१९ जानेवारी, मंगळवार

दर मंगळवारी हिंगोलीला व्यायामाला जावं लागतं. तिथला पोरगा माझ्या डाव्या हातात रबराचा चेंडू देतो आणि दाबा म्हणतो. चेंडू मलाच दाबतो असं वाटतं. सखू सोबत असते. सोमेश्वर, आमचा मुलगा, तिथंच नोकरीला, तो स्टँडवर घ्यायला येतो.

परतताना त्याला म्हणालो, जावा दुरुस्त करतो. तो हसला. मग मी हसत नाही हे पाहून म्हणाला, "बाबा, तिला आता भंगारवाला बी हात लावायचा न्हाई."

मी म्हणालो, मला तरी कोण हात लावतंय?

घरी आल्यावर सखूनं गोठ्यातला कडबा एका बाजूला केला आणि गाडी ओढून ओसरीखाली आणली. एकटीनं. मी नुसता "हळू, हळू" म्हणत उभा.

२६ जानेवारी, मंगळवार

झेंड्याची सुट्टी म्हणून व्यायाम नाही. चाकं काढली. माझा एकच हात चालतो, त्यामुळं पाना मी धरायचा आणि नट सखूनं. तिची बडबड फार. हे काय? ते काहून? ही तार कुठं जाती? मी म्हणालो, तुला काय करायचंय? तर म्हणते, "धरायला लावता तर सांगा की. म्या काय खुंटा हाव?"

मग सांगितलं. जावाची गंमत अशी की किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच, आणि तोही डाव्या अंगाला. आत दाबून वर फिरवला की किक, मारून झाली की परत गिअर. अनोळखी माणसाला ही गाडी चालूच होत नाही. चावी म्हणजे नुसता लोखंडी खुंटा, दात-बित काही नाही. ती मात्र मी करदोड्याला बांधली. गावात टवाळ कमी नाहीत.

हे सगळं सांगताना ध्यानात आलं की किक डाव्या पायाची आहे. सखूच्याही ध्यानात आलं असावं. ती खाली बघून नट पुसत राहिली.

मी ठरवलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी स्वतः किक मारून, स्वतः चालवत औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणार. इथं लिहून ठेवतो, म्हणजे फिरता येणार नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

टाकीत चिंचेचं पाणी आणि मूठभर खडी घालून दोघांनी हलवलं. तिनं एका बाजूनं धरलं, मी एका. पाळणा हलवल्यासारखं. सोमूच्या वेळी मी एकदाही पाळणा हलवला नव्हता, असं तिनं मधेच ऐकवलं. तीस वर्षांची उधारी बायका कुठं साठवून ठेवतात कोण जाणे. टाकीतून काळं पाणी निघालं आणि तिसऱ्या खेपेला आतून चकचकीत.

१ मार्च, सोमवार

गंजून अडकलेला पिस्टन सुटला. महिनाभर प्लगच्या भोकातून डिझेल सोडत होतो. आज सखूनं दांड्यावर पाय ठेवून भार दिला, आणि कट्ट करून फिरला. मी ओरडलोच. शेजारच्या मंजुळाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला परत झटका आला.

रात्री झोप चांगली लागली. पाय दुखला, पण दुखणं म्हणजे जाग आहे असं व्यायामवाला म्हणतो.

११ मार्च, गुरुवार

माझं डोकं अजून चालतं, हे आज सिद्ध झालं. नट-बोल्ट, चाकाच्या तारा, स्टँड, सगळं गंजलेलं. एकेक घासायचं तर दिवाळी उजाडंल. आमच्या शेताला लागून रूपसिंगचा आखाडा, म्हणजे त्याची शेतातली वस्ती. तिथं हळद शिजवून, वाळवून झाली आहे आणि पॉलिश करायचा ड्रम उभा आहे. ड्रममध्ये हळकुंडं घालून फिरवली की एकमेकांवर घासून त्यांची साल निघते आणि पिवळीजर्द होतात. हळकुंडाची साल निघते तर लोखंडाचा गंज काहून निघणार नाही?

रूपसिंग बाजाराला गेला होता. सखूला बैलगाडी जुंपायला लावली, सगळं सामान, वाळू आणि लोटाभर रॉकेल ड्रममध्ये टाकलं. सखूनं फिरवलं. तासाभरात बोल्ट नव्यासारखे. ड्रम चिंधीनं पुसून ठेवला. सखू म्हणत होती, धुवा. मी म्हणालो, पुसलाय ना.

१३ मार्च, शनिवार

रूपसिंग सकाळीच ओसरीवर. हातात मूठभर हळद, नाकाला लावून म्हणाला, "वास घ्या, डाक्टर." रॉकेलचा वास. वर काळे डाग. पहिला घाणाच बाद झाला. इतका चांगला माणूस, मान खाली घालून एवढंच म्हणाला, "मागितला असता तर म्या न्हाई म्हनलो असतो का?"

चुकलो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच : "ड्रम तसा बी जुनाच हाय तुझा." तो उठून गेला. त्याच्या दोन पिढ्यांच्या अडलेल्या म्हशी मी सोडवल्या, आणि आज तो माझ्या घरचं पाणीसुद्धा न पिता गेला.

सखूनं दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. संध्याकाळी आमच्या घरची निवडलेली हळद पाटीत भरून डोक्यावर घेऊन त्याच्या आखाड्यावर गेली. त्यानं ठेवून घेतली म्हणे, पण माझं नाव काढलं नाही.

१८ मार्च, गुढीपाडवा

सोमू आणि साधना सणाला आले. सोमूनं नांदेडहून रिंग, पॉइंट आणि सीटचं कव्हर आणलं. पोरगं भंगार भंगार म्हणतं आणि सामान शोधत दुकानं पालथी घालतं. दुपारी गाडी जोडून झाली. पेट्रोलमध्ये ऑइल मी स्वतः मिसळलं, ते कोणाला करू दिलं नाही. सोमूनं किक मारली. पाचव्या की सहाव्या किकेला गाडी धूर ओकत बोलली. तोच आवाज.

मला रडू आलं, लपवून काय उपयोग. साधनानंही डोळे पुसले. सखूनं गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. मग हँडलला हात लावून म्हणाली, "हातात लई थरथरती का ओ ही?" मी म्हणालो, तुला काय करायचंय?

२३ मार्च, मंगळवार

हिंगोलीला गेलो नाही. सकाळी सखू पाण्याला गेली असताना गाडी स्टँडवरून काढली, बसलो, आणि डाव्या पायानं दांडा आत दाबायला गेलो. पाय दांड्यावर गेला, पण दाबला गेला नाही. नुसता पडून राहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. तोल गेला आणि गाडी अंगावर. मंजुळाबाईंनी आणि सखूनं मिळून ओढून काढलं.

कोपर फुटलं. गाडीचा फक्त आरसा वाकला.

२४ मार्च

सोमू रजा टाकून आला. ओरडला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, नांदेडला एक माणूस जुन्या गाड्या जमवतो, त्याला सांगतो. "बाबा, तुमच्यापरीस गाडी मोठी न्हाई मला."

मी म्हणालो, आखाजीपर्यंत थांब. त्या दिवशी मी स्वतः किक मारली नाही तर बिनधास्त ने. तो हो म्हणाला. चुलीपुढं सखू भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग परत थापायला लागली.

आता ही गाडी गेली तर माझ्यापाशी करायला काय उरतं? ओसरी.

३० मार्च, मंगळवार

आज सखू म्हणाली, "तुमी एकलेच जा हिंगोलीला. कंडक्टर वळखीचा हाय, पोरगं तिकडं उतरून घेतंच." शेवया करायच्यात म्हणे. मला जरा वाईट वाटलं. कंटाळली असेल बिचारी, सात महिने झाले.

संध्याकाळी टाकीत काडी बुडवून पाहिली, पेट्रोल कमी. कॉक गळत असणार. उद्या वायसर बदलतो.

६ एप्रिल, मंगळवार

वायसर बदलूनही पेट्रोल कमीच. उन्हानं उडतं की काय. हिंगोलीहून आलो तेव्हा इंजिनाला हात लावला तर चांगलं गरम होतं. ओसरीवर दुपारचं ऊन येतं, गाडी आत घ्यायला पाहिजे.

सखूच्या पोटरीला हा एवढा फोड. म्हणाली, चुलीचा चटका. चुलीनं पोटरी कशी भाजते देव जाणे, पण बायकांना विचारायची सोय नाही. कोरफड लावली तिला. पाय भुईला टेकताना कळवळत होती, तरी हसत होती.

आणि शेवया कुठं आहेत?

१३ एप्रिल, मंगळवार

आरसा कोणीतरी खाली फिरवून ठेवलाय. सखूच वेणी घालताना त्यात बघत असणार. माझं लोखंड कापायचं आरीचं पानही कोणीतरी बोथट करून ठेवलंय. या घरात वस्तू जागेवर राहत नाही.

व्यायामवाला म्हणाला, हाताची मूठ थोडी वळायला लागली. पायाला वेळ लागेल. किती? ते तो सांगत नाही.

बाजेवर बसून रोज दांडा मारायचा सराव करतो. मनातल्या मनात गाडी रोज चालू होते.

१७ एप्रिल, शनिवार

नाही जमत. आज सखूला गाडी धरायला लावून सात-आठदा प्रयत्न केला. दांडा अर्धा आत जातो आणि पाय सुटतो. शेवटी म्हणालो, बस झालं. उद्या तो नांदेडवाला टेम्पो घेऊन येईल, देऊन टाकू.

सखू म्हणाली, "उद्याचं उद्या बघू की."

मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, तुला काय समजतं, तुझं काय जाऊन राहिलंय? मी इतका हलकट कधी झालो? तिचाच हात धरून ही गाडी उभी राहिली आणि मी तिलाच बोललो. झोपताना म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, "निजा आता. सकाळी पितरांचा सैपाक हाय."

१८ एप्रिल, आखाजी, रविवार

सगळं नीट क्रमानं लिहितो, नाहीतर पुढं माझाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरून झाली. सखू पुरण वाटत होती. सोमू आणि साधना कालच्या शेवटच्या गाडीनं आलेले. मी गाडी शेवटची पुसत होतो. तेवढ्यात रूपसिंग सायकलवर, घामानं निथळलेला. महिनाभर जो माझ्या दारावरून मान वळवून जायचा तो थेट ओसरीवर आला.

"डाक्टर, म्हैस अडली. पहाटपासून कळा देऊन राहिली. एकच पाय भाईर आलाय. सणाचा कोनी भेटून न्हाई राहिलं."

मी उठलो. मग आठवलं. म्हणालो, रूपसिंग, माझा एक हात मेलाय रे.

"दुसरा हाय ना?" तो म्हणाला. "तेवढा पुरंल. चला."

पण जायचं कसं? आखाडा दोन कोस. बैलगाडीनं पोचेपर्यंत वासरू गेलं असतं, कदाचित म्हैसही. सायकलवर मला मागं बसवून तो कच्च्या रस्त्यानं कसा नेणार? सोमूला फटफटी येत नाही, पाडव्याला किक मारली तेवढीच. तो जीप बघायला चौकाकडं पळाला.

तेवढ्यात मागं किक. एक, आणि दुसऱ्या किकेला गाडी चालू. मी पहिल्यांदा करदोडा चाचपला. चावी होती.

वळून पाहिलं तर सखू गाडीवर. नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, हाताला पुरण तसंच. चावीच्या भोकात घासून कापलेला तारखिळा.

"बसा," ती म्हणाली. "पाय तेवढा हातानं वर वढून घ्या."

"सखू, तू?"

"मंगळवारी म्या काय नुसत्या शेवया करत व्हते व्हय? बसा लवकर, ती म्हैस तिकडं थांबून न्हाई राहायची."

रूपसिंगनं मला उचलून मागं बसवलं. पेट्रोल, वायसर, गरम इंजिन, पोटरीचा फोड, सगळं एकदमच डोक्यात आलं, आणि मी किती मूर्ख आहे तेही. पण विचार करायला वेळ कुठं, गाडी निघाली.

पाराजवळ माणसं बसली होती. ती उठून उभी राहिली. या वयात बायकोच्या मागं बसून गावातून जायचं म्हणजे काय, हे गावात राहणाऱ्यालाच कळेल. माझे कान तापले. एकजण ओरडला, "डाक्टरीणबाई, दमानं." सखूनं हॉर्न दिला.

नाल्यापाशी मी म्हणालो, दुसरा टाक, दुसरा. ती म्हणाली, "गप बसा. कवाचाच टाकलाय." ऐकलं तर खरंच दुसराच होता. उजव्या हातानं मी सीटचा पट्टा धरला होता. खड्डा आला तेव्हा डाव्यानं तिचा कमरेचा पदर धरला. आखाड्यापर्यंत तो सुटला नाही. हे मला उतरताना समजलं.

म्हशीचं म्हणाल तर, वासराचा एक पाय आत मुडपून बसला होता. साबणाचं पाणी घेतलं, उजवा हात खांद्यापर्यंत आत. कळ आली की म्हैस हात पिळायची, मी थांबायचो. कळ ओसरली की वासराचं डोकं मागं ढकलून पाय शोधायचा. डावा हात तिच्या पाठीवर टेकवून ठेवला, तेवढं काम त्यानं केलं. खूर सापडलं. वाटीत धरल्यासारखं मुठीत झाकून सरळ केलं, म्हणजे आत इजा होत नाही. मग रूपसिंगला म्हणालो, आता वढ, पण तिच्या कळेबरोबर.

वगार झाली, मादी रेडकू. पहिल्यांदा हललीच नाही. नाकातली घाण काढली, गवताच्या काडीनं नाकात गुदगुली केली, तेव्हा शिंकली. म्हैस वळून चाटायला लागली. रूपसिंग मटकन खाली बसला आणि रडला, आणि मी पण.

हात धुताना मी म्हणालो, "रूपसिंग, तवा लई चुकलो म्या. ड्रम तुझा चांगला हाय."

तो म्हणाला, "जुनाच हाय, डाक्टर." आणि हसला. चीक उद्या घरी आणून देतो म्हणाला.

घरी आलो तर दारात टेम्पो. नांदेडवाला ओसरीवर चहा पीत बसलेला, सोमू त्याच्याशेजारी. सखूनं गाडी अंगणात आणून थांबवली तेव्हा सोमूच्या हातातली बशी कलंडली. साधना मात्र नुसती हसत होती. तिला ठाऊक असणार. पेट्रोल कोण आणून देत होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

मी शब्दाचा पक्का. म्हणालो, "सोमू, अट हरलो. किक म्या मारली न्हाई. ने गाडी."

सोमू काही बोलायच्या आत सखू पायरीवर चढली. पदरानं तोंड पुसलं. "अट तुमची दोघायची. माझी न्हाई. गाडी इकून राहिले तर चालवनारीला इचारलं का?"

नांदेडवाल्यानं चहा संपवला आणि टेम्पोवाल्याला रिकामंच निघायची खूण केली. सखू म्हणाली, आखाजीचा पाहुणा उपाशी जायचा न्हाई. दोघांना बसवून पुरणपोळी, आमरस वाढला. सोमू जेवताना एवढंच म्हणाला, "आई, लायसन?"

"तू काढून दे की," ती म्हणाली. "पोटचा पोरगा कशाला असतो मंग?"

२० एप्रिल, मंगळवार

हिंगोलीला जायला पहाटेच उठलो. बसनंच जायचं, मोठ्या रस्त्यावर लायसनशिवाय नाही असं दोघांचं ठरलंय. लायसन आलं की आधी औंढा. देव काही आखाजीपुरताच बसलेला नसतो. काल संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरून एकजण गाय आटली म्हणून विचारायला आला होता. त्यानं मला विचारलं, "डाक्टर, कवा येता?" आणि मग सखूकडं पाहिलं. ती म्हणाली, परवा सकाळी.

काल रात्री जेवताना तिला विचारलं, एवढं चोरून काहून शिकलीस? सांगितलं असतं तर मी शिकवलं नसतं का? ती म्हणाली, "तुमी शिकवलंच की. जानेवारीपासून. तुमाला म्हाइत नव्हतं एवढंच." मग म्हणाली, तुम्ही ओसरीवर बसून एस.टी. बघायचे ते मला बघवत नव्हतं.

आज निघायच्या आधी चावी करदोड्याची सोडली आणि चुलीपाशी, मिठाच्या बरणीशेजारी अडकवली. तिचा तो घासलेला तारखिळा मात्र मी मागून घेतला. तो आता माझ्या करदोड्याला आहे.